भट्टी गप्प होईपर्यंत

१२ मे

प्रिय भुंगे,

तुझा पत्ता मावशीकडून काढला. तिने द्यायला वेळ लावला, मी मागायला त्याहून जास्त. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या नावाचा कचेरीचा कागद आलाय, अशी मी तिला थाप मारली. थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुला ठाऊक आहेच.

चौकशीचा अहवाल वाचला. एकशे बारा पानं, मला दोन दिवस लागले. फोरमनला शेजारी बसवलं होतं. मला अडले ते शब्द त्याने वाचून दिले, त्याला अडले ते दोघांनी मिळून सोडून दिले. 'घाई' हा शब्द त्यात चौदा वेळा आलाय, मी मोजला. इंजिन सुरू करताना चाचणीप्रमुखांनी घाई केली, म्हणजे तू. आत जायचा हिरवा दिवा लावताना घाई केली, पुन्हा तूच. वॉल्व्ह बंद करायला जाताना तुमच्या चाचणीच्या जागेवरच्या मामांनी घाई केली. आणि म्हणून आपल्या वर्कशॉपची सातवी कॉइल फुटली, हायड्रोजन पेटला, मामा भाजले आणि नवव्या दिवशी गेले. असं सगळं एका धाग्यात ओवलंय, वाचणाऱ्याला पटावं असं.

पण ते खरं नाही. शिकलेल्या माणसांनी लिहिलंय, सह्या आहेत, शिक्के आहेत, तरी खरं नाही. तू हातात घेऊन बसू नकोस तो अहवाल.

इकडे ठीक. प्रकल्पच बंद झाल्यावर आठवी आणि नववी कॉइल कापडाखाली झाकून ठेवल्यात. वर्कशॉपमधली चौदाही माणसं रोज येतात, झाडतात, बसतात. फोरमनला काम नसलं की तो दारातल्या कुंडीला पाणी घालतो. सकाळी एकदा, दुपारी दोनदा. ते झाड आता पाण्यानेच मरतंय. मी म्हटलं, "अरे, एक दिवस सुट्टी दे त्याला." तर म्हणतो, "मालक, मग मी काय करू?"

तू पहिल्यांदा हे इंजिन आम्हाला समजावलंस तो दिवस आठवतो. जेवणं झाली होती, आई नाकात ऑक्सिजनची नळी घालून टेबलाशी बसली होती. तू म्हणालीस, बाकीची रॉकेटं बिचारी जळायला लागणारी हवासुद्धा घरून बांधून नेतात, पाणबुड्यासारखी, आणि त्या ओझ्यानेच अर्धी दमतात. आमचं यान धावपट्टीवरून उठेल, आवाजाच्या पाचपट वेगापर्यंत वाटेतलीच हवा ओढेल, वर हवा संपली की मगच बरोबरची टाकी उघडेल. परत येईल, पुन्हा जाईल. आई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखं नळकांडं घेऊन फिरायला नको." आणि हसता हसता तिला ढास लागली.

मी विचारलं, मग अडलंय कुठे? तू म्हणालीस, एवढ्या वेगात आत शिरलेली हवा धातू वितळेल इतकी तापते. तिला डोळ्याचं पातं लवायच्या आत गार करायची. हजारो नळ्या, केसाएवढ्या जाडीच्या, आत थंडगार हायड्रोजन, बाहेरून ती हवा; अशी एक गुंडाळी म्हणजे एक कॉइल. "आणि त्या नळ्या झाळणार कोण?" आईने विचारलं. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आहे एक रेडिएटरवाला."

त्या दिवशी मला झोप आली नाही, इतका मी फुगलो होतो.

जेवत जा.

बाबा


२६ मे

प्रिय भुंगे,

रविवारी फोन केला, तो तू उचललास. बोलली नाहीस, पण तूच होतीस. श्वास ओळखतो मी तुझा. मागे नळ ठिबकत होता. त्याचा वॉशर गेलाय. घट्ट पिळू नकोस, आटे जातील. वॉशर बदल, दहा मिनिटांचं काम आहे.

मावशी म्हणते, तू माझं पाकीट फोडलं नाहीस, पण फेकलंही नाहीस. फ्रिजवर ठेवलंयस. असू दे. तिथे निदान गार राहील.

मामींकडे जाऊन आलो. तीन मजले चढायचे, जिन्यात दिवा नाही. दार उघडल्यावर मी सांगितलं, कॉइल बनवणारा मी. त्या म्हणाल्या, "ओळखते की. तुमच्या नळ्यांचं फार कौतुक होतं ह्यांना. म्हणायचे, त्या माणसाचे सांधे म्हणजे सांधे." मी पाणी मागितलं.

मामांचा झाडू त्यांच्या सामानाबरोबर परत आलाय. दाराच्या मागे उभा केलाय. लांब दांड्याचा, मुठीला लाल सुतळी. तू मला एकदा सांगितलं होतंस, हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून मामा काड्यांचा झाडू पुढे धरून चालतात, झाडू पेटला की थांबतात. मी तेव्हा हसलो होतो, की एवढं आभाळात जायचं इंजिन आणि राखणीला केरसुणी.

मामी म्हणाल्या, "बघा ना, एक काडी जळली नाहीये. म्हणून ते म्हणतात, ह्यांनी झाडू धरलाच नाही, घाईत गेले. अहो, हे कधी घाई करणारे होते का? चपला घालायला दहा मिनिटं लावायचे. मी खाली रस्त्यावर जाऊन उभी राहायची, तरी ह्यांचं आपलं चालूच."

मी नुसती मान डोलावली.

पण भुंगे, मला माहीत आहे मामांनी झाडू धरला होता. खाली धरला होता. कारण गळती झालीच तर वॉल्व्हपाशी होईल, वॉल्व्ह गुडघ्याच्या उंचीवर, असं त्यांना सांगितलेलं. कॉइलचा सांधा गळेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. कॉइलची फाइल स्वच्छ होती ना. आणि आग आली ती कॉइलच्या वरच्या कडेतून, डोक्याच्या उंचीवर. अहवालात एकसष्टाव्या पानावर फोटो आहे. तडा कुठे गेलाय तो नीट बघ. दाराकडची वरची कड.

दार कसलं, ते पुढे कधीतरी लिहीन.

निघताना मामी म्हणाल्या, "तुमच्या मुलीला सांगा, मी तिला बोल लावत नाही. पोरगी रडत होती नुसती दवाखान्यात." जिना उतरताना मी कठडा धरून उतरलो.

बाबा


९ जून

प्रिय भुंगे,

आज आईबद्दल लिहितो. दोन वर्षं झाली, आपण दोघं त्यावरच काय, सगळ्यावरच गप्प आहोत.

मी काही कॉलेजात शिकलो नाही. रस्त्याच्या कडेला स्टोव्ह आणि मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करत मोठा झालो. बाकीचे गळती शोधायला पाण्यात बुडवायचे, मी कान लावायचो. चार गाड्यांचा कलकलाट चालू असला तरी सुईच्या टोकाएवढ्या भोकाची सूं मला ऐकू यायची. त्या कानावर घर उभं राहिलं, वर्कशॉप उभं राहिलं, तू इंजिनिअर झालीस. त्या कानाचा मला माज होता. आहे म्हणत नाही, होता.

झाळकामाच्या भट्टीचा आमचा कायदा तुला पाठ आहे. आच बंद केली, की आतला माल निवताना तडतडतो. धातू आवळतो, कुरकुरतो. लाकडी दांडकी भट्टीच्या भिंतीला लावायची, दुसरं टोक कानाला. आधी पावसासारखी तडतड, मग अधूनमधून एखादा टिक्, मग बराच वेळ काही नाही, आणि तुला वाटतं झालं, तेवढ्यात आणखी एक टिक्. तो शेवटचा गेल्यावर भट्टी गप्प. मगच दार. काट्यावर आकडा काही का दिसेना, गप्प झाल्याशिवाय दार नाही. आधी उघडलं, तर बाहेरची गार हवा दाराकडच्या कडेला आधी झोंबते, आतला भाग अजून गरम, आणि सांध्यात ताण राहून जातो. डोळ्याला दिसत नाही. गळतीच्या चाचणीतही सापडत नाही. तो वाट बघत बसतो.

आई गेली त्या दिवशी भट्टीत तिसरी कॉइल होती. तुझ्याच इंजिनाची. तुझा फोन आला, "बाबा, लगेच या." मी म्हणालो, "भट्टी गप्प झाली की निघतो." तू म्हणालीस, "बाबा." एवढंच. मग ठेवलास.

मी पोचलो तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. वॉर्डच्या दारात तू उभी होतीस. आईचा चष्मा तुझ्या हातात होता. तू म्हणालीस, "झाली गप्प भट्टी?"

त्यानंतर दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. कॉइलबद्दल काही लागलं, तर फोरमनला फोन. तो शेजारी उभा राहून बोलायचा, मी दोन हातांवरून तुझा आवाज ऐकायचो. त्याला म्हणायचो, "फोन जरा कानापासून लांब धर रे, बहिरा होशील."

मी सगळ्यांना सांगितलं, निघता येत नव्हतं. तुलाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. तुझा फोन ठेवल्या ठेवल्या फोरमन म्हणाला होता, "मालक, तुम्ही जा. मी बसतो कान लावून. वीस वर्षं बघतोय तुम्हाला." मी म्हणालो, "तुला तो शेवटचा टिक् कळायचा नाही."

त्याला कळला असता गं. तो शेवटचा टिक् कोणालाही कळतो, थांबायची तयारी असली की.

बाबा


२३ जून

भुंगे,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथं फाडणार नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी वर्कशॉपचा फोन वाजला. फोरमन बाहेर होता, मी उचलला. तू म्हणालीस, "बाबा, सातवी कॉइल मंगळवारपर्यंत मिळेल का? नाही मिळाली तर चाचणीची जागा दुसऱ्यांना जाते, मग सहा महिने काही नाही."

तुला वाटलं असेल, तू कॉइलचं विचारलंस. मला फक्त पहिला शब्द ऐकू आला. दोन वर्षांनी. मी म्हणालो, "मिळेल." हिशेब केला नाही, कॅलेंडर बघितलं नाही. 'मिळेल' म्हणालो आणि फोन ठेवून तिथेच स्टुलावर बसलो. फोरमन आला, म्हणाला, "काय झालं? कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही रे. आलं."

रविवारी दुपारी कॉइल भट्टीत निवत होती. सोमवारी दोनला ट्रक यायचा होता. मधे गळतीच्या चाचणीला पुरे चोवीस तास. म्हणजे दीडच्या आत दार उघडायला हवं. सव्वा वाजता मी दांडकी कानाला लावली.

तडतडत होती.

शेवटचे टिक् नव्हते ते. चांगली मधल्या पावसासारखी तडतड. मी ऐकली. कोणी म्हणेल म्हातारा झाला, कान गेले. कान नाही गेले. स्वच्छ ऐकलं, दांडकी खाली ठेवली आणि दार उघडलं. डोक्यात एकच होतं: मागच्या वेळी थांबलो होतो, आणि बघ काय झालं. या वेळी पोरीला थांबायला लावायचं नाही.

गार हवा आत शिरली तशी कॉइल ओरडली. एकच आवाज, काचेचा पेला ठेवताना व्हावा तसा. फोरमन रविवारी सुट्टीवर. ऐकणारा मी एकटा.

गळतीची चाचणी झाली, पास झाली. होणारच. मग राहिली भट्टीच्या तापमानाची पट्टी. तिच्यावर रेघ मधेच तुटून कड्यावरून पडल्यासारखी खाली गेलेली, बघणाऱ्याला कळेल दार कधी उघडलं ते. ती मी काढून घेतली. पाचव्या कॉइलच्या वेळी यंत्रातून पट्टीच्या दोन प्रती निघाल्या होत्या, त्यातली जादा प्रत सातवीच्या फाइलला लावली. वर तारीख घातली. सही केली. खरी पट्टी आईच्या कपाटात, तिच्या शालीच्या घडीत आहे.

आणखी एक सांगायचंय, ते सगळ्यात वाईट आहे. ट्रकवाला परवा येऊन गेला, कोणाचा तरी रेडिएटर घेऊन. बोलता बोलता म्हणाला, "त्या सोमवारी मी संध्याकाळपर्यंत रिकामाच होतो हो. तुम्ही म्हणाला असता तर थांबलो असतो, चहा पीत." मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं.

तर अहवालातली ती चौदाची चौदा घाई माझी आहे. तू इंजिन वेगाने सुरू केलंस, पण चांगली कॉइल तो वेग सहज सोसते, तुझ्याच तक्त्यात लिहिलंय. तू हिरवा दिवा लावलास तो फाइल बघून. मामांनी झाडू खाली धरला तोही त्याच फाइलवर विसंबून. सगळ्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला.

एक तारखेला चौकशी समितीकडे पट्टी घेऊन जातोय. वर्कशॉप बंद होईल, होऊ दे. चौदा जणांना काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. कुंडीला कुलूप नाही, एवढंच फोरमनसाठी बरं.

बाबा


१ जुलै

भुंगे,

गेलो होतो. पट्टी न देता परत आलोय. का, ते ऐक.

समितीची कचेरी म्हणजे एक लांब बोळ, एक बाक, आणि टोकाला अध्यक्षबाईंची खोली. मी म्हणालो, सातव्या कॉइलच्या फाइलवरची माझी सही एकदा बघायची आहे. कारकुनाने फाइल आणून दिली आणि आपल्या चहाकडे वळला. मला खात्री करायची होती की ती खोटी पट्टी अजून तिथेच आहे. खरी आणि खोटी शेजारी शेजारी ठेवूनच द्यायची, म्हणजे बोलायची दहा वाक्यं वाचतील.

पट्टी तिथेच होती. पाचव्या कॉइलच्या वेळी वीज झटका खाऊन आली होती, तेव्हा रेघेवर एक दात पडला होता, आठवतं? आठवत असणारच. पाचवीची फाइल तुझ्याकडे गेली तेव्हा तू फोरमनला फोन करून विचारलं होतंस, "हा दात कसला?" मी शेजारीच उभा होतो.

सातवीच्या फाइलमध्ये त्याच जागी तोच दात. आणि दाताशेजारी कागद जरा पांढरा पडलेला. मी फाइल खिडकीकडे तिरकी धरली. पेन्सिलने काढलेलं प्रश्नचिन्ह, खोडरबराने पुसलेलं. खालचा ठिपका पोकळ, गोल. शाळेपासून तू ठिपका असाच काढतेस. बाई वहीत लिहायच्या, 'ठिपका म्हणजे भोपळा नव्हे.'

तुला कळलं होतं.

तू विचारणार होतीस. मग पुसलंस. खाली तुझी सही.

मी फाइल मिटली. कारकून म्हणाला, "सापडली का सही?" मी म्हटलं, "सापडली. दोन्ही सापडल्या."

आता मला समजलं तू पाकिटं का फोडत नाहीस. मला वाटायचं, माझा राग म्हणून. तुला भीती होती की मी खरं लिहीन. मी खरं सांगितलं, तर वेगाचा आरोप तुझ्यावरून जातो आणि त्याजागी हा येतो: पट्टी खोटी दिसत असून सही केली. पहिल्याला चूक म्हणतात. याला काय म्हणतात ते तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. आणि नाही सांगितलं, तर मामी रोज तो न जळलेला झाडू बघत राहणार.

आयुष्यभर कुठे थांबायचं, कुठे उघडायचं, हे कान सांगायचा. आता मी कान लावतो आणि काही ऐकू येत नाही. आईच्या वेळी थांबलो, ते चुकलं. तुझ्या वेळी उघडलं, ते चुकलं. या वेळचं तू सांग. हे पाकीट फोड. याच्यावर बाहेरूनच लिहितोय, 'वॉशरबद्दल नाही', म्हणजे तरी तू फोडशील.

बाबा


८ जुलै

भुंगे,

तुझं कार्ड मिळालं. 'द्या. मीही येते. सोमवारी अकराला.'

पाच शब्द. मी फोरमनला दाखवलं नाही. त्याने विचारलं, "ताईंचं का?" मी म्हटलं, "हो." म्हणाला, "बरं लिहिलंय ना?" मी म्हटलं, "अक्षर चांगलं आहे."

तू नाही आलीस तरी मी समजून घेईन. पण येशील. आईसारखी आहेस, एकदा चप्पल घातली की वळायची नाहीस.

बाबा


१७ जुलै

प्रिय भुंगे,

सोमवारचं तू विसरायला बघत असशील. मीही बघतोय. पण एक गोष्ट मी त्या बाकावर चुकीची सांगितली, ती दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही.

तू बारीक झालीस. केस कापलेस. आलीस तेव्हा मी उठलो, तू म्हणालीस, "बसा." आधी मला आत बोलावलं. मी दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या, जे घडलं ते सांगितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मला बाहेर बसायला सांगितलं आणि तुला आत घेतलं.

दार लाकडी होतं आणि बाक भिंतीला टेकलेला. मी कान लावला नाही, पण माझे कान लावावे लागत नाहीत.

त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

तू म्हणालीस, "हो."

"मग वडिलांना विचारलं का नाही?"

तुझी खुर्ची कुरकुरली. मग म्हणालीस, "विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं."

त्यानंतर शिक्क्याचे दोन आवाज आले. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात पोच होती. तुझा परवाना जाणार, खटलाही होईल, असं कारकुनाने नंतर मला सांगितलं. वर्कशॉपला उद्या सील लागेल. आठवी आणि नववी कॉइल भंगारात जातील. त्या दोन्ही गप्प झाल्यावर काढल्या होत्या, तुला सांगून ठेवतो. चांगल्या होत्या. त्यांनी श्वास घेतला असता.

मामींना मी जाऊन सांगितलं. मामांनी झाडू बरोबर धरला होता, चूक माझी. त्यांनी मला हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्या उठून आत गेल्या, दाराआडचा झाडू घेऊन आल्या, मांडीवर ठेवून बसल्या. मी गेलो तरी त्यांनी वर बघितलं नाही. त्यांचं काही परत आलं नाही. फक्त घाई हा शब्द तेवढा नवऱ्याच्या नावापुढून निघाला.

आता ते बाकावरचं. आपण दोघं बसलो होतो, मधे एका माणसाची जागा. तू समोरच्या भिंतीकडे बघत विचारलंस, "सातवीच्या वेळी किती वेळ राहिला होता? गप्प व्हायला?"

मी म्हणालो, "पावणेतीन तास असेल."

तू मान हलवलीस. मग विचारलंस, "आणि आईच्या वेळी? मी फोन केला तेव्हा?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

तू उठून गेलीस. बोळाच्या टोकापर्यंत तुझी पावलं मोजली मी. लहानपणी तू चालताना गुणगुणायचीस, म्हणून भुंगी. सोमवारी नुसती पावलं होती.

भुंगे, मला आठवतं. आईच्या दिवसाची, तिसऱ्या कॉइलची पट्टीही माझ्याकडे आहे. तुझा फोन आला तेव्हा मी तिच्या कडेला पेन्सिलने एक रेघ मारली होती, सवयीने, भट्टीजवळ काही झालं की मारतो तशी. दार उघडलं तिथे दुसरी. काल सातवीच्या पट्टीची माझी नक्कल तिच्याशेजारी ठेवली, आणि सातवीची रेघ पडते तिथून व तिसरीवरच्या फोनच्या रेघेपासून, दोन्हीकडून तिसरीच्या दुसऱ्या रेघेपर्यंत बोटाने मोजलं. मग फूटपट्टीने मोजलं. मग फोरमनला मोजायला सांगितलं, कशासाठी ते न सांगता.

तो म्हणाला, "मालक, दोन्ही सारखंच आहे की. पावणेतीन तास."

बाबा